लिहिणार : भिमा

मुरबाड,
६ ऑगस्ट १९९५

ती. आईस,

दामिनीचा नमस्कार. पायावर डोकं ठेवलं असं समज.

मी सुखरूप आहे. नर्सिंगच्या वसतिगृहात आम्ही बावीस जणी आहोत, एका खोलीत चौघी. सकाळी वर्ग असतो, दुपारी दवाखान्यात शिकायला नेतात. काल मी पहिल्यांदा एका बाईचं बीपी मोजलं. तीनदा चुकलं. ती बिचारी म्हणाली, "मोज बाय, माझा हात काय पळून जात नाय."

अभ्यास जड आहे. आपल्या पाड्यावर मी सगळ्यांत हुशार होते, इथं शेवटून तिसरी आहे. चाचणीत नापास होईन की काय अशी धास्ती असते. म्हणून एक मागणं आहे, रागावू नकोस. फेब्रुवारीत पहिली परीक्षा आहे. तोवर मला लग्न, साखरपुडा, बारसं, कशालाच बोलावू नका. पाहुण्यांनाही इकडे पाठवू नका. कुणी येऊन चार प्रश्न विचारून गेलं की माझं डोकं त्यातच फिरत राहतं.

तू मात्र ये. महिन्याच्या पहिल्या रविवारी भेट असते. एकटी ये. लुगडं फाटकं असलं तरी तसंच नेसून ये, माझ्या मैत्रिणींच्या आयाही शेतातल्याच आहेत. डोळखांबहून शहापूर, तिथून मुरबाडची एस.टी. स्टँडवर मी उभी राहीन.

हे पत्र भिमामामा वाचून दाखवतील. मामा, तुम्हालाही नमस्कार. बाबा गेल्यावर माझी पुस्तकं तुम्ही आणलीत, ते मी विसरलेले नाही.

तुझी
दामिनी

*

सावरपाडा, डोळखांब
२० ऑगस्ट १९९५

चि. दामिनीस आई बाईजा हिचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझे पत्र मिळाले, मजकूर समजला. येथे लावणी आटपली. सर्व खुशाल.

तू आम्हांस येऊ नका असे लिहितेस. आम्ही तुझे कोणी नाही काय? बाप नाही तेथे मामा हाच बाप. चार माणसे विचारतात, पोरगी कोठे राहते, कोणाबरोबर हिंडते, तर आम्ही काय सांगावे? यापुढे दर आठवड्यास कोठे गेलीस व कोणाशी बोललीस ते सविस्तर लिहिणे. मामा येऊन चौकशी करतील. त्यांच्यासमोर उलट बोलू नये.

एक स्थळ आहे. मुलगा वाशिंदला कारखान्यात कायम आहे. घर पक्के आहे.

मला एस.टी. लागते. तेव्हा माझे येणे होणार नाही.

तुझी आई
बाईजा (अंगठा)
लिहिणार : भिमा

*

मुरबाड,
१७ सप्टेंबर १९९५

ती. आईस,

नमस्कार. गेल्या रविवारी मामा आले होते. बरोबर दोन पाहुणे होते, त्यांची नावंही मला माहीत नाहीत. मामांनी आमच्या वसतिगृहाच्या बाईंकडे हजेरीचं रजिस्टर मागितलं. "आमची पोरगी किती वाजता बाहेर जाते ते बघू द्या," म्हणाले. बाईंनी नाही म्हटलं तर आवाज चढवला. मग माझ्या खोलीतल्या मुलींना बोलावून विचारलं, हिला कुणाची पत्रं येतात? मी दाराआड उभी होते. बाहेर आले नाही.

मंगळवारी पुन्हा आले. दवाखान्याच्या फाटकापाशी दोन तास उभे राहिले. मी आत पट्ट्या बांधत होते आणि एकच पट्टी तीनदा सुटली. सिस्टरनी मला बाजूला केलं. "आधी स्वतः शांत हो, मग पेशंटला हात लाव," म्हणाल्या. चाचणीत मी नापास झाले.

पाहुण्यांपैकी एकानं निघताना बाईंना सांगितलं म्हणे, आमची सून होणार आहे ही. कोण सून? कुणाची?

आई, तू खरंच मामांना पाठवलंस? आठवडाभराचा हिशेब लिहून पाठव असं तूच सांगितलंस? मला विश्वास बसत नाही. पण खाली अंगठा तुझाच आहे.

मामा, तुम्ही वाचताय म्हणून तुम्हालाही सांगते. तुम्ही मोठे आहात. पण परीक्षेपर्यंत इथं येऊ नका. हात जोडते.

दामिनी

*

सावरपाडा, डोळखांब
१ ऑक्टोबर १९९५

दामिनीस,

तुझे पत्र ऐकून माझ्या जिवास फार लागले. मामांस येऊ नका म्हणण्याइतकी तू मोठी झालीस. दोन इयत्ता शिकलीस तर आईस अक्कल शिकवतेस. पाड्यावर मला तोंड दाखवायला जागा नाही.

वाशिंदची माणसे खोळंबली आहेत. मामांनी त्यांस शब्द दिला आहे. दिवाळीस घरी येणे. न आल्यास तुला आई नाही असे समजावे.

बाईजा (अंगठा)
लिहिणार : भिमा

*

मुरबाड,
१५ ऑक्टोबर १९९५

आई,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं.

मला आठवतं, आश्रमशाळेत मला ठेवायला आलीस तेव्हा मी तुझा पदर सोडत नव्हते. तू रडली नाहीस. मास्तरांना म्हणालीस, "मास्तर, हिला माघारी पाठवू नका. मी बोलवाया आले तरी पाठवू नका." सगळे हसले होते. तू हसली नव्हतीस.

तीच तू आता बोलावतेस? आणि आली नाहीस तर आई नाही असं समज म्हणतेस? तुला काय झालंय? कुणी काय बोललं तुला?

मी दिवाळीला येणार नाही. पत्रही आता परीक्षा होईपर्यंत लिहिणार नाही. तुझं पत्र आलं की दोन दिवस पुस्तकातली ओळ डोक्यात शिरत नाही. तुझा राग येतो, मग माझा येतो, मग नुसतंच रडू येतं. असं किती दिवस चालवू?

मी वाईट मुलगी असेन. पण मी नर्स होणार आहे.

दामिनी

*

(पोस्टकार्ड)

सावरपाडा
२ फेब्रुवारी १९९६

दामिनीस,

आई अत्यवस्थ. अन्न सुटले आहे. तोंड बघायचे असल्यास मिळेल त्या गाडीने निघून येणे.

लिहिणार : भिमा

*

मुरबाड,
१० फेब्रुवारी १९९६

सोमीताईंस,

नमस्कार. मी बाईजाची दामिनी. तुम्ही आपल्या पाड्यावर साक्षरतेचा वर्ग घेता हे परवा घरी गेल्यावर कळलं. तुमची माझी ओळख थोडी, पण दुसऱ्या कुणाला लिहू हे सुचत नाही.

बुधवारी मला आई अत्यवस्थ असल्याचं कार्ड मिळालं. सोमवारपासून परीक्षा. गुरुवारी सकाळी निघाले. शहापूरला डोळखांबची गाडी येईना, तिथं बाकावर बसून मनात नको ते येत होतं. ऑक्टोबरपासून मी तिला एक ओळ लिहिली नव्हती. ती गेली असेल तर माझं शेवटचं पत्र तेच.

चार वाजता पाड्यावर पोचले. समोरून आई येत होती. डोक्यावर शेतात राब जाळण्यासाठी आणलेल्या पातेऱ्याचा, वाळक्या पानांचा भारा, माझ्यापेक्षा मोठा. मला बघून तिनं भारा तिथंच टाकला.

"तू? परीक्षा सोडून आलीस?"

"तू आजारी आहेस ना?"

"कोण आजारी?"

मग मी तिला घरात नेलं, चुलीपुढे बसवलं आणि पिशवीतून तिची सगळी पत्रं काढली. रागानं बरोबर घेतली होती, जिवंत भेटली तर विचारीन म्हणून. एकेक वाचून दाखवलं. वाचून झालं तेव्हा ती म्हणाली, "ह्यातलं मी एक पण सांगितलं नाय."

"मग काय सांगितलं होतंस?"

"मी सांगितलं, पोरीला लिव, पोटभर जेव. आन नापास झालीस तरी घाबरू नको, परत बस. भिमा लिवत व्हता, मना वाटलं तेच लिवतो." मग म्हणाली, "आन तू गो? तू लिवलं व्हतं ना, माझ्या फाटक्या लुगड्याची लाज वाटते, येऊ नको म्हणून?"

सोमीताई, मी लिहिलं होतं ये. लुगडं फाटकं असलं तरी ये. मामांनी ते उलटं करून वाचलं. सहा महिने आई ते मनात धरून बसली होती आणि कुणाला बोलली नाही.

शुक्रवारी सकाळी वाशिंदची माणसं आली. मामांनीच दिवस ठरवला होता. मुलगा हरेश, त्याचे वडील, आणखी तिघं. मामांनी मला खुणेनं चहा आणायला सांगितलं. मी चहा आणला नाही. उभ्या उभ्या सांगितलं, "मला आई मरायला टेकली म्हणून बोलावलंय. हे बघा कार्ड."

आई दारातच उभी होती, सुपात नाचणी घेऊन. हरेशनं कार्ड वाचलं, आईकडे बघितलं. मामा मध्येच बोलू लागले, "पोर अजून नादान हाय, तुमी मनावर घेऊ नका." हरेश त्याच्या वडिलांना म्हणाला, "बाबा, चला. हे बरोबर नाय." जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "आम्हाला सांगितलं होतं तुम्ही तयार आहात." भला माणूस दिसला.

ते गेल्यावर मामा ओसरीवर बसून राहिले. ओरडले नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली. दुपारच्या गाडीनं मी निघून आले.

तुमच्याकडे दोन मागणी आहेत. माझी पत्रं यापुढे तुमच्या नावानं येतील. आईला वाचून दाखवाल? जसं आहे तसं, एक शब्द इकडे तिकडे न करता. आणि तिला वर्गात बसवाल? ती म्हणेल, या वयात कशाला. तरी सोडू नका.

सोमवारचा पेपर कसा जाईल माहीत नाही. आज सकाळपासून पुस्तक उघडलंय, पान तेच आहे.

दामिनी

*

सावरपाडा, डोळखांब
१६ फेब्रुवारी १९९६

दामिनीस,

हे पत्र मी माझ्या नावाने लिहितो. मी भिमा.

चार गावच्या माणसांत तू मला मान खाली घालायला लावलीस. आता तुझी आई माझ्याशी बोलत नाही. त्या सोमीकडे पाटी घेऊन जाते. सगळा पाडा हसतो, भिमाला बहिणीने काढून टाकले म्हणून.

मी खोटे लिहिले. कबूल. परंतु कशासाठी लिहिले ते कोणी विचारले नाही.

माझी काशी पंधरा वर्षांची होती तेव्हा कल्याणला घरकामास लावून दिली. मीच लावून दिली. चांगले घर आहे, पोरगी सुधारेल, असे मला सांगणारे पुष्कळ होते. एक वर्ष आली गेली. मग त्या घरातून निघून गेली. कोणाबरोबर, कोठे, कोणास ठाऊक नाही. यास आता तीन वर्षे झाली. मी कल्याणला जाऊन ठेसनात फोटो दाखवीत हिंडलो. अख्ख्या पाड्याची पत्रे मी लिहितो, मीच वाचतो. पोस्टमन रोज माझ्याच दारात थांबतो. माझ्या नावाचे एकही येत नाही.

तू मुरबाडला गेलीस तेव्हा मला काशीच दिसू लागली. तुला माघारी आणून एका घरात बसवली असती तर मला झोप लागली असती. हे चुकीचे असेल. मला दुसरे काही येत नाही.

वाशिंदचे गेले तर गेले. खुटलला दुसरे स्थळ आहे. रविवार दि. २५ रोजी मी मुरबाडला येतो. सोबत दोन माणसे असतील. सामान बांधून ठेवणे. मी विचारायला येत नाही, न्यायला येतो.

भिमा

*

मुरबाड,
२० फेब्रुवारी १९९६

ती. मामांस,

दामिनीचा नमस्कार.

काशीताईचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. लहानपणी ती माझी वेणी घालायची, इतकी घट्ट की डोळे ओढले जायचे. तिच्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही म्हणून मीही विचारलं नाही. तुमचं दुःख खरं आहे.

पण मामा, मी काशी नाही. ती कुठे आहे हे कुणाला माहीत नाही. मी कुठे आहे हे तुम्हाला रोज माहीत आहे. मला घरी बसवून ती परत येणार नाही.

तुमचं पत्र मी आमच्या बाईंना दाखवलं. मला भेटायला कोण येऊ शकतं त्याची इथं एक यादी असते. मी त्यात एकच नाव ठेवलंय, आईचं. रविवारी तुम्ही आलात तर फाटक उघडणार नाही, मीही बाहेर येणार नाही. बरोबरच्या माणसांनी आवाज केला तर बाई पोलीस पाटलांना नाही, थेट पोलिसांना बोलावतील. हे तुम्हाला धमकी म्हणून लिहीत नाही. आधी सांगितलेलं बरं म्हणून लिहिते.

मी तुम्हाला शिवी देणार नाही, तुमचं वाईटही चिंतणार नाही. फक्त माझं शिक्षण होईपर्यंत मधे एक दार राहील.

दर महिन्याला तुम्हाला एक पत्र लिहीन. तुमच्या नावानं, पाकिटावर भिमा असं स्वच्छ लिहून. त्यात माझी खुशाली असेल. उत्तर पाठवलंत तर वाचीन. पण लग्नाचा विषय निघाला की ते पत्र तिथंच मिटवीन.

दामिनी

*

मुरबाड,
३ मार्च १९९६

ती. मामांस,

नमस्कार. सांगितल्याप्रमाणे हे पहिलं पत्र.

गेल्या रविवारी सकाळपासून मी खिडकीत बसून होते. कुणी फाटकाजवळ थांबलं की मी मागे सरकायची. दुपारी जेवण गेलं नाही. संध्याकाळी बाई म्हणाल्या, "आता कोणी येत नाही, जा, तोंड धू."

तुम्ही आला नाहीत. माझं पत्र वाचून तुम्ही तुमचं मन बदललंत. हे सोपं नसेल गेलं. मामा, मी तुमची आभारी आहे.

परीक्षेत पास झाले. फार मार्क नाहीत, पण शेवटून तिसरी आता मी नाही.

दामिनी

*

सावरपाडा
३ नोवेंबर १९९६

दामिनी बाय,

हे मी लिवते. बाईजा. सोमी बाजूला बसली हाय पण तिला मी हात लावू देत नाय. ती नुसती अक्षर सांगते, ते पण मी विचारलं तर.

हे पत्र लिवाया मला पाच दिस लागले. भात कापणी चालू हाय. दुपारी जेवून झालं की चार ओळी लिवते.

मी तुला भेटून गेले दोन वेळा, तेव्हा पण एक गोष्ट सांगितली नाय. तुझा अभ्यास व्हता. सोमीला पण लिवू दिली नाय. ही मला माझ्या हातानं लिवायची व्हती.

तू भिमाला आभार लिवले, तो आला नाय म्हणून, ते मला भेटीत तूच सांगितलं. तो निघाला व्हता गो. त्या रविवारी सकाळी पाड्यावरच्या महादूला आन खुटलच्या माणसाला घेऊन निघाला. सोमीनं तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हाच मला तो दिस कळला व्हता, म्हणून मी त्याच्या आधी डोळखांबला जाऊन गाडीच्या दारात उभी राहिले. तो आला तसं मी म्हटलं, भिमा, तू चढलास तर मी पण चढते. मुरबाडला फाटकाशी उभी राहून मोठ्यानं सांगते, ह्या माझ्या भावानं मला जिती असताना मारली. सगळी माणसं बघत व्हती. मी आजपतुर त्याला उलट बोलले नव्हते. तुझा बाप गेला तेव्हा त्यानंच आमच्या घरात दाणा आणला, ते माझ्या डोक्यात व्हतंच. तरी मी गाडीच्या दारातून हलले नाय.

महादू निघून गेला. तो खुटलचा पण गेला. भिमा गाडी सुटली तरी तिथंच उभा व्हता. मग बोलला, बाईजा, घरी चल. आमी दोघं चालत आलो. पाड्याजवळ आल्यावर तो रडला. काशीच्या नावानं रडला. मी त्याला बसू दिलं.

तेव्हा तू त्याला आभार लिवले ते चुकीचं लिवलं. पण त्याला सांगू नको. ते पत्र त्यानं जपून ठेवलंय.

आता मी त्याच्याशी बोलते. तो माझा भाऊ हाय, मला सोडता येत नाय. तुला नसेल बोलायचं तर नको बोलू. मी तुला बोल म्हणणार नाय. तुझं पत्र महिन्याला येतं ते दोनदा वाचतो, मग खिशात ठेवतो. मला दाखवत नाय, मी मागत नाय. मला माझी येतात.

तुझी आधीची सगळी पत्रं मी त्याच्याकडून मागून घेतली. दिली त्यानं. लाजून दिली. हळू हळू वाचते. एका दिसाला अर्धं पान होतं. तू पहिल्या पत्रात काय लिवलं ते मी आता माझ्या डोळ्यांनी वाचलं. वाचून मी खूप वेळ शेतात गेले नाय.

आता माझी पत्रं लिवायला मी कुणाकडे जात नाय. पाड्यावरच्या दोन बाया मला विचारतात, आमचं लिवशील का. मी म्हटलं, लिवीन, पण तुमी सांगाल तेच लिवीन, आन लिवून झाल्यावर तुमाला परत वाचून दाखवीन.

जानेवारीत तुझी शेवटची परीक्षा. आमच्यातलं कुणी तुझ्याकडे येणार नाय. मी पण येणार नाय. पेपर संपले की कळव.

ह्या पत्रात काय चुकलं असंल तर ते माझं चुकलं. दुसऱ्या कुणाचं नाय.

तुझी आई
बाईजा